स्वभाव आणि सिगरेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिगरेट सोडू पाहणाऱ्यांशी बोलण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्याआधी अकरा वर्षं स्वतः ओढत होतो. समोर बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास बोलतो: ‘काय करणार, माझा स्वभावच तसा आहे.’ खाली आहेत ते या वाक्याच्या आजूबाजूचे प्रश्न. काही ओढणाऱ्यांचे, काही त्यांच्या घरच्यांचे.

स्वभावाचा आणि सिगरेटचा खरंच काही संबंध असतो का?

असतो, पण लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतो.

स्वभाव मोजताना मानसशास्त्रात साधारण पाच गुण धरतात. बहिर्मुखता; काटेकोरपणा, म्हणजे शिस्त आणि हाती घेतलेलं तडीस नेण्याची सवय; भावनिक अस्थिरता, म्हणजे चटकन काळजीत पडणं, चिडणं, खचणं; मनमिळाऊपणा; आणि नव्याची ओढ. नऊ दीर्घकालीन पाहण्यांमधल्या सुमारे ८० हजार लोकांची माहिती एकत्र करून २०१५ साली तपासली गेली. ओढणाऱ्यांमध्ये बहिर्मुख आणि काळजीखोर माणसं थोडी जास्त निघाली, काटेकोर माणसं थोडी कमी. फरक किती? गुण एक पायरी वर-खाली झाला की शक्यता साधारण दहा ते वीस टक्क्यांनी इकडे-तिकडे. म्हणजे एखाद्याचा स्वभाव बघून ‘हा ओढत असणार’ अशी पैज लावलीत, तर पैसे जाण्याचीच शक्यता जास्त.

त्याच अभ्यासातला एक बारकावा मला जास्त मोलाचा वाटतो. सुरुवात कोण करतं, सोडतं कोण आणि सोडून पुन्हा कोण लागतं, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी. सुरुवातीला हात असतो तो बहिर्मुखपणाचा आणि ढिलाईचा. सोडताना अडवते आणि सोडल्यावर परत ओढून नेते ती काळजी. लागते एका स्वभावामुळे आणि सुटत नाही दुसऱ्यामुळे, असं एकाच माणसात सर्रास दिसतं.

बोलका माणूस सिगरेटकडे का वळतो?

कारण सिगरेट टपरीवर असते आणि तोही टपरीवर असतो. गंमत वाटेल, पण बरंचसं उत्तर एवढंच आहे. ज्याचे मित्र जास्त, त्याला ‘घे रे एक’ म्हणणारेही जास्त. कॉलेजच्या बाहेर, शिफ्ट सुटल्यावर, ऑफिसच्या मागच्या गल्लीत कटिंगसोबत पहिली सिगरेट मिळते ती बहुधा फुकट. पहिला झुरका कुणालाच आवडत नाही, खोकला येतो, डोळ्यांत पाणी येतं. तरी दुसरा घेतला जातो, कारण बाकीचे बघत असतात.

थराराची आवड हा याचा चुलतभाऊ. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी १९६४ साली ती मोजण्याची पट्टी तयार केली. जोरात गाडी हाणणं, रात्रीचे ट्रेक, उधळपट्टी यांची हौस असलेल्यांमध्ये ओढणारे जास्त सापडतात. मात्र थराराची हौस पहिल्या पाकिटापुरती. पाच वर्षं ओढणाऱ्याला सिगरेटमध्ये कसला थरार? तो नुसता तलफ भागवत असतो.

मी एकलकोंडा आहे, पार्टीला जात नाही, तरी दिवसाला बारा ओढतो. मग हे सगळं खोटं का?

खोटं नाही, सरासरी आहे. सरासरीत तुम्ही कुठे बसता याने तुमच्या बारा सिगरेटींना काही फरक पडत नाही.

मी काळजी करणारा माणूस आहे. ताण आला की ओढतो आणि बरं वाटतं. सोडली तर वेडा होईन.

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. म्हणून थोडं सावकाश सांगतो.

झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथल्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना (रिसेप्टर) चिकटतं, डोपामिन हे सुखावणारं रसायन सुटतं, बरं वाटतं. मग ते उतरू लागतं. दर दोन तासांनी रक्तातलं प्रमाण साधारण निम्मं होतं. ते उतरलं की जे होतं त्याची यादी वाचा: बेचैनी, चिडचिड, लक्ष न लागणं, छातीत उगाच धाकधूक. ही यादी आणि काळजीची यादी शेजारी शेजारी ठेवली तर कुठली कोणती हे सांगता येणार नाही. ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याला वाटतं साहेबाने बोलावलं म्हणून हात थरथरतायत. पुष्कळदा शेवटची सिगरेट होऊन दोन तास झालेले असतात, एवढंच कारण.

मग तो ओढतो, धाकधूक थांबते, आणि मनाशी नोंद होते: सिगरेटने ताण जातो. मागच्या सिगरेटने लावलेली आग पुढच्या सिगरेटने विझते आणि श्रेय मात्र आग लावणारीलाच मिळतं. दिवसातून दहा-पंधरा वेळा, वर्षानुवर्षं हा धडा गिरवला की त्यावर विश्वास बसणारच.

सोडणाऱ्यांचं पुढे काय होतं हे मोजलेलं आहे. २०१४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी २६ अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांनी सोडली त्यांची काळजी, उदासी आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाले होते. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही तसंच दिसलं. पहिले काही आठवडे जड जातात हे खरं, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण ‘वेडा होईन’ या भीतीला आधार नाही.

सिगरेटमुळे स्वभाव बदलतो का? आमचे हे लग्नाच्या वेळी असे नव्हते.

लग्नानंतर माणूस का बदलतो यावर मी बोलणं बरं नव्हे. पण वर्षानुवर्षं एकाच माणसांची पुन्हा पुन्हा पाहणी केलेल्या अभ्यासांत असं आढळलं आहे की ओढणाऱ्यांचा स्वभाव न ओढणाऱ्यांच्या मानाने हळूहळू प्रतिकूल दिशेला सरकतो. काळजीखोरपणा वाढतो, मिसळणं आणि काटेकोरपणा घटतो. त्यामुळे ‘स्वभाव असा म्हणून सिगरेट’ हा बाण उलट्या दिशेनेही जातो. पंचेचाळिशीतल्या माणसाचा चिडखोरपणा किती त्याचा आणि किती त्याच्या पाकिटाचा, हे तो ओढतो आहे तोवर कळायला मार्ग नाही.

काही विशिष्ट स्वभावाच्या लोकांनाच कॅन्सर होतो, सिगरेटचं नुसतं नाव होतं, असं मी वाचलंय. खरं आहे का?

खोटं आहे. पण हे खोटं कुठून आलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

१९५० साली ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांवरून सिगरेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला. ज्यांच्या पद्धती आजही संख्याशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवतात ते रोनाल्ड फिशर याच्या विरोधात उभे राहिले. १९५७-५८च्या सुमारास त्यांनी मांडलं की जन्मजात ठेवणच अशी असू शकेल, जिच्यामुळे माणूस ओढतोही आणि त्याला कॅन्सरही होतो. सिगरेट बिचारी मध्ये उभी आहे. फिशर स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते.

त्यांच्या नंतर हान्स आयझेंक. बहिर्मुख-अंतर्मुख हे शब्द आज घरोघरी आहेत त्यात या लंडनच्या मानसशास्त्रज्ञाचा मोठा वाटा. १९६० साली त्यांनी ब्रिटनमधल्या दोन हजारांवर पुरुषांची पाहणी छापली. सिगरेट ओढणारे जास्त बहिर्मुख असतात, हे त्यातून आलं. तिथपर्यंत ठीक होतं. पुढे ऐंशीच्या दशकात जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या रोनाल्ड ग्रोसार्ट-मातिचेक यांच्याबरोबर त्यांनी ‘कॅन्सरप्रवण व्यक्तिमत्त्व’ मांडलं. भावना दाबून ठेवणारा, हतबल होणारा माणूस कॅन्सरने मरण्याचा धोका त्यांनी असा काही अफाट दाखवला की त्यापुढे सिगरेट किरकोळ वाटावी. वर, नुसत्या बोलण्याच्या उपचाराने हा धोका कमी होतो असाही दावा. अँथनी पेलोसी आणि लुई ॲपलबी या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ सालीच त्यावर जाहीर शंका घेतल्या होत्या. आयझेंक १९९७ साली वारले. त्यांच्या कामाला तंबाखू उद्योगाचा पैसा होता हेही उघड झालं. अखेर २०१९ साली किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीत या जोडीचे २६ निबंध विश्वास ठेवण्याजोगे नाहीत असं ठरलं, आणि त्यानंतर नियतकालिकांनी त्यातले अनेक मागे घेतले.

‘टाइप ए’ हा शब्दही तुम्ही ऐकला असेल: घाईचा, स्पर्धेचा, कायम घड्याळ बघणारा माणूस आणि त्याचा हार्ट ॲटॅक. ती कल्पना मांडणाऱ्या मेयर फ्रीडमन यांच्या संशोधनालाही नंतर एका मोठ्या सिगरेट कंपनीने पैसा पुरवला. कंपनीला हे सोयीचं का होतं हे उघड आहे. हृदय बंद पडलं तर दोष स्वभावाचा.

म्हणून कुणी ‘माझा स्वभावच तसा’ म्हणालं की मला हा इतिहास आठवतो. हे वाक्य आपण आपलं समजून बोलतो, पण त्याच्या प्रसाराला बऱ्याच जणांनी चेक फाडले आहेत.

मग कंपन्या स्वभाव बघून सिगरेट विकतात का?

त्या स्वभावच विकतात. मार्लबरो १९२०च्या दशकात बायकांची सौम्य सिगरेट म्हणून बाजारात आली होती. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर जाहिरातीत काउबॉय आणला आणि तीच मर्दांची झाली. १९९० साली अमेरिकेत एका कंपनीचा ‘डकोटा’ नावाचा ब्रँड कमी शिकलेल्या, रांगड्या तरुण मुलींना डोळ्यासमोर ठेवून आखल्याची कागदपत्रं फुटली, तेव्हा मोठी बोंब झाली. आपल्याकडे २००४ साली जाहिरातबंदी येईपर्यंत ‘लिव्ह लाइफ किंगसाइज’ आणि ‘मेड फॉर ईच अदर’ ही वाक्यं किती जणांच्या तोंडी होती हे चाळिशीपुढच्यांना सांगायला नको. एक ऐटबाज माणसाची, दुसरी प्रेमळ जोडप्याची. आत तोच तंबाखू.

मी स्वतः कॉलेजात एक ठरावीक ब्रँड ओढायचो, कारण तो ‘विचार करणाऱ्या’ लोकांचा समजला जायचा. विचार काही फारसा केला नाही.

वडील ओढायचे, आजोबा बिडी फुंकायचे. रक्तातच असेल ना?

काही अंश आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यसन जडण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. पंधराव्या गुणसूत्रावरच्या, निकोटिनच्या ग्राहींशी संबंधित जनुकांचा दुवा २००८ साली सापडला. त्या जनुकांची एक विशिष्ट आवृत्ती असलेले लोक ओढायला लागले तर जास्त ओढतात. पण ‘लागले तर’ हे शब्द सोडू नका. आजोबांकडून बिडीचं बंडल आणि काडेपेटीही वारशाने आली, आणि ती रोज डोळ्यासमोर होती.

हे सगळं परदेशातलं संशोधन. आपल्याकडे लागू पडतं का?

रास्त शंका. मला तर वाटतं, इथेच स्वभावाच्या सिद्धांताची मर्यादा कळते.

२०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू घेणारे. म्हणजे चुना लावून मळलेली चिमूट, मावा, मिश्री. गोव्यात कुठल्याही प्रकारे तंबाखू घेणारे एकूण दहा टक्क्यांच्याही आत. आता कोल्हापूर आणि फोंडा यांच्यामध्ये माणसांचा स्वभाव काय एवढा बदलतो? बदलतो तो रिवाज, किंमत, दुकान आणि कुणी पाहिलं तर काय म्हणेल हा विचार.

बायकांचं उदाहरण तर आणखी बोलकं. त्याच पाहणीत देशात १९ टक्के पुरुष ओढणारे निघाले आणि स्त्रिया २ टक्के. थरार आवडणाऱ्या, बोलक्या, बेफिकीर बायका आपल्याकडे कमी आहेत असं माझ्या आत्यांना बघून तरी मला म्हणवत नाही. त्यांना सिगरेटची मुभा नव्हती, मिश्रीची होती. सकाळी तव्यावर तंबाखू भाजून, कुस्करून दातांना लावायची, तीही ‘दात दुखतात’ म्हणून. ओढणाऱ्या बाईला चारचौघांत नावं ठेवणाऱ्याच घरात मिश्रीची डबी चुलीशेजारी असायची. सिन्नर आणि सोलापूरच्या बायकांनी तर पिढ्यान्‌पिढ्या बिड्या वळल्या, त्या ओढायच्या मात्र पुरुषांनी.

स्वभावाने काय ठरतं, तर जे हाताशी आहे आणि ज्याला समाजाची हरकत नाही त्यातलं कोण किती उचलेल. काय हाताशी असेल ते स्वभाव ठरवत नाही.

रोज फक्त एक ओढतो, जेवणानंतर. माझा स्वतःवर ताबा आहे. चालेल ना?

ताबा असेलही. धमन्यांना त्याचं कौतुक नाही. रोज एक सिगरेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या विसाव्या हिश्शाएवढा असावा, असं आपण धरून चालतो. २०१८ सालच्या मोठ्या विश्लेषणात तो निम्म्याच्या आसपास निघाला.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. दप्तरात लायटर सापडला. स्वभावाने तो उनाडच आहे. काय करू?

आधी ‘उनाडच आहे’ हे त्याच्यासमोर म्हणणं थांबवा. त्या वयात मिळालेलं बिरुद मुलं निष्ठेने निभावतात. कॅन्सरचे फोटो दाखवू नका. पाकिटावर ८५ टक्के जागेत तेच आहे, तो रोज बघतो आणि सतराव्या वर्षी पन्नाशी कुणाची येत नसते. त्याऐवजी कुणाबरोबर ओढतो, कधी, पैसे कुठून, हे न ओरडता विचारा. एका बैठकीत उत्तर मिळणार नाही. घरात कुणी ओढत असेल तर त्याने सोडायला घ्यावी, हा सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत नावडता सल्ला. मी तो देतो तेव्हा वडील घड्याळ बघतात.

माझ्यात निग्रहच नाही. चार वेळा सोडली, चार वेळा लागली. मी अशक्त मनाचा आहे का?

चार वेळा सोडलीत म्हणजे चार वेळा निग्रह केलात. सुटायच्या आधी अनेकदा फसणं हाच नेहमीचा क्रम आहे. आणि एक चांगली बातमी: ‘आत्ता थोडं की नंतर जास्त’ अशा चाचण्यांमध्ये ओढणारे उतावळे दिसतात, पण सोडून दिलेले लोक कधीच न ओढणाऱ्यांसारखे दिसतात.

माझ्या स्वभावाला कोणती पद्धत जमेल?

इथे मात्र स्वभावाचा उपयोग आहे. तरी आधी एक मोजणी करा, जिला स्वभावाशी देणंघेणं नाही: सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली ओढता? पाच मिनिटांच्या आत असेल तर शरीराची ओढ जबर आहे, आणि तुम्ही कितीही शिस्तीचे असलात तरी निकोटिनचं च्युइंगम, पॅच किंवा डॉक्टरांनी दिलेलं औषध यांचा आधार घ्या. काळजीखोर लोक औषधांना घाबरतात, म्हणून सांगतो: २०१६ साली आठ हजारांवर लोकांवर झालेल्या चाचणीत व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या सिगरेट सोडायच्या गोळ्यांमुळे मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही.

बोलक्या माणसाने एकट्याने सोडू नये. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या बारा हजार लोकांच्या नात्या-ओळखीच्या जाळ्याचा अभ्यास २००८ साली छापून आला. जोडीदाराने सोडली की दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, मित्राने सोडली की ३६. टपरीवरच्या दोघांना बरोबर घ्या. ते तयार नसतील तर महिनाभर चहाची जागा बदला. मित्र नाराज होतील; होऊ देत.

उतावळ्या माणसाने निग्रहावर विसंबू नये, अंतरावर विसंबावं. पाकीट घरात नको, गाडीत नको, ‘इमर्जन्सी’साठी कपाटात तर नकोच. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात दुकान गाठता येऊ नये, एवढीच व्यवस्था करायची. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्ट्या सिगरेटी विकायला बंदी आहे. ती किती पाळली जाते हे तुम्हाला-मला ठाऊक आहे, पण कल्पना नेमकी उतावळ्यांसाठी आहे.

काटेकोर माणसाची अडचण वेगळीच. तो तक्ता करतो: या आठवड्यात बारा, पुढच्या आठवड्यात दहा. तक्ता सुंदर होतो. २०१६ सालच्या एका ब्रिटिश चाचणीत ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनंतर टिकून होते, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. तक्ता करायचाच तर सोडल्याच्या दिवसापासूनचा करा.

सोडून पाच दिवस झाले. बायकोवर, गाडीवर, कुत्र्यावर चिडतोय. असाच राहणार का?

नाही. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट, मग उतार. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक निवळतं. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: सिगरेटचा धूर शरीरातलं कॅफीन लवकर संपवतो. धूर थांबला की तेवढ्याच चहा-कॉफीचा असर वाढतो. पाच कप पिणारा माणूस सिगरेट सोडतो, पाच कप चालू ठेवतो, हात थरथरतात, झोप उडते, आणि तो म्हणतो सिगरेट सोडल्याने हे झालं. कप निम्मे करा.

इंटरनेटवर व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या असतात. आधी ती करून मग सोडू का?

ती सोडल्यानंतर करा. आत्ता केलीत तर निकोटिनचीच परीक्षा होईल.

वय अठ्ठावन्न. आता सोडून काय मिळणार?

वर आलेल्या रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा केला. ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीला सोडणाऱ्यांनी जवळपास ती सगळी दहा वर्षं वाचवली, चाळिशीला सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीला सहा, साठीला तीन. तुमची तीनपेक्षा थोडी जास्त.

कुणाशी बोलायचं असेल तर?

राष्ट्रीय क्विटलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत: १८००-११-२३५६. लिहून ठेवायचा कंटाळा असेल तर हाच नंबर पाकिटावर छापलेला असतो. फेकण्याआधी बघून घ्या.